गोळे लहानमोठे का येतात? दुबार पेरणी आणि फार उतावळा स्टॅबिलायझर

प्रश्न आमच्याच दर्यापूर तालुक्यातल्या एका मुलीचा आहे. ती एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला स्टायरीन या द्रवापासून पॉलिस्टायरीन प्लास्टिकचे काही मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) एकसारखे गोळे बनवायचे आहेत. गोळे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून जे घालतात तो स्टॅबिलायझर. तिनं लिहिलंय:

"स्टायरीन १५ ग्रॅम, इथेनॉल ८५ ग्रॅम, एआयबीएन (तापल्यावर साखळ्या सुरू करणारं रसायन) ०.१५ ग्रॅम, ७० अंश, २४ तास. पीव्हीपी के-३० स्टॅबिलायझर म्हणून वापरलं तेव्हा दोनेक मायक्रॉनचे गोळे बरे आले, पण तीनदा धुतल्यावर पाण्यात गुठळ्या झाल्या. म्हणून सरांनी सीनियरनं बनवून ठेवलेला रिअ‍ॅक्टिव्ह ब्लॉक कोपॉलिमर (दोन वेगळ्या पॉलिमरांचे तुकडे जोडलेली साखळी) दीड ग्रॅम घालायला सांगितला. त्यात एक ब्लॉक पीईजी ५००० (पॉलिइथिलीन ग्लायकॉल), दुसरा ग्लिसिडिल मेथॅक्रिलेटच्या दहाएक एककांचा, आणि त्याच्या सगळ्या इपॉक्सी गटांवर मेथॅक्रिलिक आम्ल चढवून डबल बाँड आणलेले. आता गोळे लहानमोठे येतात आणि तळाशी दही बसतं. चुकतं कुठं? आणि आमच्याकडे एसईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) नाही, तर तपासू कसं?"

मी सव्वीस वर्षं मुंबईकडे लॅटेक्स, म्हणजे असल्याच बारीक गोळ्यांचं दूध, बनवण्याच्या प्रयोगशाळेत काढली. आता गावी तूर आणि कपाशी बघतो. त्यामुळे उदाहरणं शेतातली येतील, रागावू नकोस.

दोन वेगळ्या गोष्टी तू एकाच बाटलीकडून मागते आहेस. गोळे एकसारखे येणं ही पहिल्या अर्ध्या-पाऊण तासातली गोष्ट आहे. धुतल्यावर गुठळ्या न होणं ही पुढच्या तेवीस तासांतली. रिअ‍ॅक्टिव्ह स्टॅबिलायझर या दुसऱ्या कामासाठी असतो. तू तो पहिल्याच मिनिटाला घातलास, तोही भरमसाट, आणि त्याला हुक, म्हणजे वाढत्या साखळीला जोडले जाणारे डबल बाँड, दहा.

सुरुवातीला तुझं द्रावण पाण्यासारखं स्वच्छ असतं. स्टायरीन इथेनॉलमध्ये विरघळतं, पॉलिस्टायरीन विरघळत नाही. साखळी एका ठरावीक लांबीपलीकडे वाढली की इथेनॉल तिला बाहेर टाकतं, अशा साखळ्या एकमेकींना चिकटतात आणि बारीक कण तयार होतात. तेव्हा काचेत निळसर झाक येते, मग बघता बघता दूध. हे बारीक कण एकमेकांवर आदळून एकत्र होत राहतात, आणि अंगावर पुरेसा स्टॅबिलायझर बसला की थांबतात. तिथं गोळ्यांची संख्या ठरते. नंतर जन्मणारी प्रत्येक साखळी आधीच्या गोळ्यांनी गिळली पाहिजे. तसं झालं तर सगळे गोळे एका वयाचे, म्हणून एका आकाराचे.

पहिल्या पावसावर पेरलेलं सोयाबीन आणि पंधरा दिवसांनी नांगे भरलेलं सोयाबीन एकाच तासात उभं असलं तरी बांधावरून फरक दिसतो. तुझ्या बाटलीत नेमकी ही दुबार पेरणी झाली आहे. मोठे गोळे पहिल्या पेऱ्याचे, लहान दुसऱ्या. लॅबमध्ये याला सेकंडरी न्यूक्लिएशन म्हणतात.

ती का झाली असेल? तुझ्याबाबतीत मला तीन कारणं दिसतात.

पहिलं म्हणजे स्टॅबिलायझरचं प्रमाण. याचा हिशेब कुणी करत नाही, म्हणून इथं करतो. दोन मायक्रॉनच्या एका गोळ्याचं आकारमान साधारण ४.२ घन मायक्रॉन. पॉलिस्टायरीनची घनता १.०५ धरली तर १५ ग्रॅममध्ये असे गोळे भरतात सुमारे ३.४ लाख कोटी. त्यांचं एकूण पृष्ठफळ सुमारे ४३ चौरस मीटर, म्हणजे गावाकडच्या दोन मोठ्या खोल्यांची जमीन. एका चौरस मीटरला दोनेक मिलीग्रॅम ब्लॉक कोपॉलिमर पुरतो असं धरून चाल. गरज निघते ९० मिलीग्रॅमच्या आतबाहेर, आणि तू घातलास १५००. सतरा पट.

पीव्हीपीच्या बाबतीत एवढी उधळपट्टी करावीच लागते, कारण पीव्हीपी स्वतः खरा स्टॅबिलायझर नसतो. मुक्त रॅडिकल (एआयबीएन तुटून सुरू होणारा उतावळा तुकडा) त्याच्या साखळीवरून एखादा हायड्रोजन उचलतो, त्या जागी पॉलिस्टायरीन फुटतं, आणि हे अर्धं-अर्धं जमलेलं कलम गोळ्यावर बसतं. झेरॉक्सच्या कॅनडातल्या संशोधन केंद्रात पेन आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास हे नीट दाखवलं. कलम होणं नशिबावर असतं, म्हणून माल जास्त घालायचा. बराचसा पीव्हीपी नुसताच द्रावणात राहतो आणि धुण्यात निघून जातो. गोळ्यावर जो सैल बसलेला असतो तोही हळूहळू सुटतो. तुझ्या पहिल्या बॅचच्या गुठळ्यांचं कारण हेच.

ब्लॉक कोपॉलिमरला या नशिबाची गरज नाही. त्याचं एक टोक माध्यमात लोळणारं, दुसरं गोळ्यात रुतणारं. थोडक्यात काम भागतं. जास्त घातला तर उरलेला गप्प बसत नाही. न आवडणारं टोक आत आणि पीईजी बाहेर असे त्याचे पुंजके, म्हणजे मायसेल, होतात, प्रत्येक मायसेल एक तयार बी होऊन बसतं, आणि आत स्टायरीन शिरलं की उगवतं. तुझ्या लहान गोळ्यांतले बरेचसे तिथले असावेत.

दुसरं कारण म्हणजे दहा डबल बाँड. रिअ‍ॅक्टिव्ह म्हटलं की विद्यार्थ्यांना वाटतं जितकं रिअ‍ॅक्टिव्ह तितकं चांगलं. उलट आहे, आणि मी तुला सांगायची एकच गोष्ट निवडायची असेल तर ती ही. गोळा ०.२ मायक्रॉनचा असतो तेव्हा आणि तो २ मायक्रॉनचा होतो तेव्हा, संख्या तीच राहिली तर पृष्ठफळ शंभर पट होतं. म्हणजे सुरुवातीला ०.४३ चौरस मीटर झाकायचं असतं, शेवटी ४३. स्टॅबिलायझरची खरी गरज शेवटाकडे आहे. मेथॅक्रिलेटचा डबल बाँड स्टायरीनच्या रॅडिकलला फार आवडतो. स्टायरीन आणि मिथाइल मेथॅक्रिलेटचे रिअ‍ॅक्टिव्हिटी रेशो साधारण ०.५२ आणि ०.४६ आहेत, म्हणजे दोघं स्वतःच्या जातीपेक्षा दुसऱ्याला जोडून घ्यायला अधिक उत्सुक. तुझा स्टॅबिलायझर असा पहिल्या तास-दोन तासांतच जोडला गेला, काही गोळ्यांच्या पोटात गाडला गेला, आणि गोळे फुगून उघडे पडले तेव्हा शिल्लक काही नव्हतं.

शिवाय दहा हुक असलेली साखळी एका गोळ्यावर पाच आणि शेजारच्यावर पाच असे लावून दोघांना शिवून टाकते. तळाचं दही ते. मीही एकदा असं गाडगंभर दही लावलं आहे. तेव्हा पॉलिब्युटाडाइनचा ब्लॉक होता, बाजूला व्हिनाइल गट लोंबणारा. ब्लॉक जरा लांब झाला आणि सकाळी ढवळणीभोवती रबरी गोळा. तो काढायला करवत लागली होती.

इमल्शन पॉलिमरायझेशनमध्ये साबणासारखे जे रिअ‍ॅक्टिव्ह सर्फॅक्टंट वापरतात, त्यांच्याबद्दलही अनुभव असाच आहे: बहुतेक वेळ शांत राहणारा आणि शेवटी शेवटी जोडला जाणारा चांगला. म्हणून तिथं स्वतःशी न जोडणारे मेलिएट लोकप्रिय झाले.

तिसरं कारण, जे तू लिहिलं नाहीस पण मी पैज लावतो: सीनियरनं "बनवून ठेवलेला" माल मागच्या उन्हाळ्यात कपाटात होता. मे महिन्यात अकोला-दर्यापूरकडे बाहेर ४५ अंश असतं, पत्र्याच्या लॅबमध्ये त्याहून जास्त. दहा मेथॅक्रिलेट असलेली साखळी, आपसूक जोडणी रोखणारा इनहिबिटर नाही, आणि एवढी उष्णता. तो आपल्याआपणच थोडा जेल झालेला असणार. अर्धा ग्रॅम कोमट इथेनॉलमध्ये विरघळवून बघ. धूसर राहिला, दोरे दिसले, तर तो फेकण्याच्या लायकीचा आहे. आणि रंग बघ. पिवळट असेल तर राफ्ट या ब्लॉक बनवण्याच्या पद्धतीचं ट्रायथायोकार्बोनेट टोक अजून साखळीवर आहे. ते असताना रॅडिकल त्याच्यातूनच ये-जा करू पाहतात, वेग मंदावतो आणि दोन मायक्रॉनऐवजी शे-दोनशे नॅनोमीटरचा माल निघू शकतो. माझ्या एका बॅचमध्ये असंच झालं. तीन दिवस गोळे खाली बसण्याची वाट बघत होतो, ते बसण्यातले नव्हतेच.

आता काय करायचं

नवा स्टॅबिलायझर बनव. पीईजीवर ग्लिसिडिल मेथॅक्रिलेटची दहा एककं लावेपर्यंत ठीक आहे. हा ब्लॉक इथेनॉलला नकोसा असल्यामुळे नांगराचं काम करतो. राफ्टचं टोक आत्ताच काढ, डबल बाँड चढवण्याआधी. साखळीच्या वीस पट एआयबीएन घालून ८० अंशांना टोल्युइनमध्ये दोन-तीन तास ठेवलं की पिवळा रंग जातो. डबल बाँड चढवल्यावर हे करायला गेलीस तर सगळं जेल होईल, क्रम चुकवू नकोस. मग मेथॅक्रिलिक आम्ल मोजून घे: साखळीमागे दोन रेणू, बस. तृतीयक अमाइन चिमूटभर, आणि मेथॉक्सीफिनॉल इनहिबिटर म्हणून आठवणीनं. दहापैकी दोन इपॉक्सींवर डबल बाँड, आठ तशाच. त्या आठ वाया जात नाहीत. पुढं गोळ्यावर प्रथिन किंवा अमाइन जोडायचं असेल तर उपयोगी पडतात.

इपॉक्सी आणि आम्लानं स्टॅबिलायझर गोळ्याला कायमचा जखडण्याची कल्पना जुनी आहे. पीएमएमए या प्लास्टिकचे गोळे हायड्रोकार्बनमध्ये बनवताना पॉलिहायड्रॉक्सीस्टिअरिक आम्लाचा कंगव्यासारखा स्टॅबिलायझर वापरतात, त्यात ग्लिसिडिल मेथॅक्रिलेट असतं, आणि गोळे तयार झाल्यावर तापवून तो "लॉक" करतात. १९८६ पासून भौतिकशास्त्रातले लोक हीच पद्धत वापरत आलेत. लक्षात घे, तिथंही कुलूप शेवटी लावतात.

एनएमआर (रेणूतले हायड्रोजन दाखवणारी तपासणी) करून घेता आलं तर पीईजीचा ३.६ चा मोठा शिखर आणि व्हिनाइलचे ५.६ व ६.१ चे दोन छोटे बघ. पीईजी ५००० मध्ये सुमारे ४५४ हायड्रोजन असतात, तेवढ्याला ६.१ वर दोन यायला हवेत. अचूक आकडा नाही येणार, पण दोन आणि दहा यातला फरक कळेल. आयआयटी मुंबईच्या सैफ या उपकरण केंद्रात बाहेरच्या कॉलेजांचे नमुने घेतात, सरांना चौकशी करायला सांग.

पॉलिमरायझेशन दोन टप्प्यांत कर. पेरणी पीव्हीपीनं: तुझंच प्रमाण, पीव्हीपी दोन ग्रॅम. ते तुला जमलं आहे, बदलू नकोस. दूध झाल्यावर चार-पाच तास थांब. मग १५० ते २०० मिलीग्रॅम ब्लॉक कोपॉलिमर दहा मिली इथेनॉलमध्ये, तेही ७० अंशांना तापवून आणि नायट्रोजन फिरवून, दोन तासांत थेंब थेंब सोड. पीक उभं राहिल्यावर खत देतो तसं. टोरांटोच्या विनिक यांच्या गटानं २००४ मध्ये दाखवलेलं तत्त्व हेच आहे: क्रॉसलिंकर (साखळ्या एकमेकींना शिवणारा रेणू) किंवा रंग सुरुवातीला घातला तर गोळे बिघडतात, न्यूक्लिएशन संपल्यावर घातला तर बिघडत नाहीत. एआयबीएन ७० अंशांना साधारण पाच तासांनी निम्मा होतो, म्हणजे स्टॅबिलायझर जोडायला रॅडिकल पुढं भरपूर उरतात.

काही बारीक गोष्टी, ज्यांनी माझी जास्त वाट लावली. इथेनॉल कुठलं? अ‍ॅब्सोल्यूट आणि ९५ टक्के यांत पाच टक्के पाण्याचा फरक आहे, आणि पाण्यानं गोळे लहान होतात. एका प्रोजेक्टला एकच बाटली पुरव. स्टायरीनमधला इनहिबिटर, टर्ट-ब्युटाइलकॅटेकॉल, १० टक्के कॉस्टिकनं धुऊन किंवा अ‍ॅल्युमिनातून गाळून काढ. तो राहिला तर दूध यायला आज वीस मिनिटं, उद्या तास. एआयबीएन फ्रीजमध्ये. नायट्रोजन अर्धा तास, आणि नंतर "बघू काय झालं" म्हणून झाकण उघडायचं नाही. उघडलंस की ऑक्सिजन आत आणि उष्णता बाहेर. मॅग्नेटिक ढवळणी नको, ती तळाशी गोळे दळते. वरून पाते, मिनिटाला साठ-सत्तर फेरे, पुरे.

आणि हुडमध्येच काम. स्टायरीनचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते) ३१ अंश आहे, इथेनॉलचा त्याहून कमी. आपल्याकडे मार्च ते जून खोलीचं तापमानच त्याच्यावर असतं. बंद बाटलीत ७० अंशांना इथेनॉलची वाफ पाऊण वातावरणाच्या आसपास दाब धरते, म्हणून कोल्ड्रिंकची बाटली वगैरे जुगाड नको. कंडेन्सर लावलेला फ्लास्क घे.

एसईएमशिवाय तपासणी

साध्या मायक्रोस्कोपचं रिझोल्यूशन पाव मायक्रॉनच्या आसपास. दोन मायक्रॉनच्या गोळ्यात पाच टक्के फरक म्हणजे ०.१ मायक्रॉन, तो एकेका गोळ्यावर दिसणार नाही. म्हणून एकेक गोळा मोजूच नकोस. पातळ थेंब स्वच्छ काचेवर सावकाश वाळव. गोळे एकसारखे असतील तर मधमाशीच्या पोळ्यासारखे षटकोनी रचून बसतात. दहा गोळ्यांची सरळ रांग शोध, तिची लांबी मोज, दहानं भाग. अशा वीस रांगा. सरासरी व्यास चांगला मिळतो. आणि रचनाच दिसत नसेल, सगळा कचरा पडल्यासारखा पसरला असेल, तर आकडे काढायची गरजच नाही.

दुसरी युक्ती मला फार आवडते. त्याच काचेतून लाल लेझर पॉइंटर सोड, दहा सेंटीमीटरवर पांढरा कागद धर. एकसारख्या गोळ्यांच्या थरातून कागदावर गोल कडं उमटतं. ६५० नॅनोमीटरचा लेझर आणि दोन मायक्रॉनचे गोळे असतील तर कोन सुमारे २२ अंश, म्हणजे कड्याची त्रिज्या चार सेंटीमीटर. गणित एवढंच: कोनाचा साइन म्हणजे तरंगलांबी भागिले व्यासाच्या ०.८६६ पट. कडं बारीक आणि स्पष्ट असेल तर गोळे एकसारखे. कडं पसरट असेल तर माल मिश्र. लेझरकडे डोळे नकोत.

हे मोजमापाचं वेड उगाच नाही. १९८० च्या दशकात लीहाय विद्यापीठाच्या व्हँडरहॉफ यांच्या चमूनं दहा मायक्रॉनचे एकसारखे गोळे करायला थेट स्पेस शटलमध्ये रिअ‍ॅक्टर पाठवला, कारण जमिनीवर मोठे गोळे तळाशी बसायचे. ते १९८५ मध्ये प्रमाण नमुना म्हणून विकायला आले, अंतराळात बनलेला पहिला विक्रीचा माल. त्याच सुमारास नॉर्वेत उगेलस्टाड जमिनीवरच, बियाणं फुगवून, तसे गोळे करत होते. आणि आपल्या तालुक्याच्या पॅथॉलॉजीत संधिवातासाठी आरए फॅक्टर बघायला काळ्या पट्टीवर जो दुधाळ थेंब टाकतात, तेही लॅटेक्सच, फक्त बरंच बारीक. १९५६ पासूनची पद्धत.

हुक लागला की नाही?

इथेनॉलमध्ये दोन मायक्रॉनचा गोळा दिवसाला साधारण साडेचार सेंटीमीटर खाली बसतो, पाण्यात जेमतेम एक. सेंट्रिफ्यूज नसेल तर इथेनॉलमध्ये रात्रभर बसू दे, वरचं ओत, पुन्हा ढवळ. असं पाच वेळा. एक काळजी घे: थंड इथेनॉलला पीईजी आवडत नाही. डिसेंबरच्या रात्री लॅब गार पडली की चांगले गोळेही गुठळ्या धरतात, आणि पोरं बॅच फेकून देतात. थोडं कोमट कर, पाच-दहा टक्के पाणी घाल, पुन्हा सुटे होतात.

पाच धुण्यांनंतर गोळे पाण्यात घे आणि त्यात लिटरला ५८ ग्रॅम या हिशेबानं मीठ कर. नुसत्या विद्युतभारावर तरंगणारे गोळे या खारटपणात गुठळ्या धरतात. पीईजी अंगाला जखडलेला असेल तर ढिम्म राहतात. तू खारपाणपट्ट्यातली आहेस, विहिरीच्या पाण्यानं साबणाचा फेस का येत नाही हे तुला शिकवायला नको. विहिरीचं पाणी म्हणजे फुकटची पहिली चाळणी, पण वहीत नोंद मिठाच्या द्रावणाचीच कर. सोबत एक बॅच फक्त पीव्हीपीची, तेवढ्याच धुण्यांची, शेजारी ठेव. तुलना नसेल तर परीक्षक तेच विचारतील.

लाइटचं राहिलं. चोवीस तास सलग वीज मिळणं आपल्याकडे अवघड, हे मला माहीत आहे. बॅच पहाटे लाव, म्हणजे पहिले सहा तास तू समोर असशील. पहिल्या तासात लाइट गेली तर ती बॅच सोडून दे, तिच्यावर ब्लॉक कोपॉलिमर वाया घालवू नकोस. दहाव्या तासानंतर गेली तर फ्लास्कला जुनं घोंगडं गुंडाळ आणि पातं हातानं अधूनमधून फिरव. तळाशी थर घट्ट बसू द्यायचा नाही, एवढंच.